टोमॅटो २० ला घेतला, २५ ला विकला, तरी तोटा कसा?
वस्तीतल्या छोट्या धंद्यांना हिशेब शिकवताना काय शिकवावं आणि काय वगळावं

एका भाजीवालीने पुण्याच्या मार्केट यार्डातून टोमॅटोचा एक क्रेट घेतला. वीस किलो, किलोला २० रुपये, म्हणजे ४०० रुपये. हमाली आणि तिघी-चौघींनी मिळून केलेल्या टेम्पोतला वाटा असे वर ४० रुपये. माल हातगाडीवर लागेपर्यंत ४४० रुपये गेले. त्यातला दोन किलो दबलेला, फुटलेला निघाला. आणखी एक किलो दिवसभरात वजनात गेला, कारण प्रत्येक गिऱ्हाईक 'अजून एक टाका' म्हणतं आणि टाकावा लागतो. विकायला राहिला १७ किलो. २५ च्या भावाने त्याचे ४२५ रुपये आले. संध्याकाळी विचारलं तर उत्तर येतं, 'किलोमागं पाच रुपये सुटले.' प्रत्यक्षात १५ रुपये पदरचे गेले आणि दिवसभर उन्हात उभं राहणं फुकट गेलं.

ही बाई गणितात कच्ची नसते. पाच भाज्यांची बेरीज ती फोन काढायच्या आत तोंडी करते आणि पाचशेच्या नोटेचे सुटे बिनचूक देते. अडतं ते एवढंच, की कोणकोणते आकडे धरायचे हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. ४४० ला १७ ने भागलं की किलोला जवळजवळ २६ रुपये पडतात. म्हणजे २६ च्या वर गेल्याशिवाय कमाई सुरूच होत नाही. हा २६ चा आकडा पहाटे यार्डातून परतताना, टेम्पोत बसल्या बसल्या काढता आला पाहिजे. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या छोट्या व्यावसायिकांना व्यवसाय-कौशल्य शिकवायचं म्हणजे आधी हे शिकवायचं.

पुण्यातली जनता वसाहत असो, दांडेकर पूल असो की अप्पर इंदिरानगर, वस्तीतले धंदे साधारण सारखेच दिसतात. पोळी-भाजीचे डबे, इडली-डोशाचं पीठ, वडापावची गाडी, ब्लाऊज आणि पिको-फॉल, गजरे, घरातल्याच पुढच्या खोलीतलं किराणा दुकान. यांच्यासाठी घेतलं जाणारं प्रशिक्षण मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणासाठी बेतलेलं असतं. तीन दिवस हॉलमध्ये बसवायचं, प्रोजेक्टरवर ताळेबंद आणि 'प्रकल्प अहवाल' दाखवायचा, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. नाही तर पापड, मेणबत्त्या, अगरबत्ती करायला शिकवायचं. ते शिकणं वाईट नाही, पण वस्तू करता येणं वेगळं आणि धंदा करता येणं वेगळं. एका गल्लीतल्या वीस जणींनी एकाच महिन्यात मेणबत्त्या केल्या तर त्या घेणार कोण, हे त्या वर्गात कुणी विचारत नाही.

मोठा अभ्यासक्रम कमी का पडतो, याचा चांगला पुरावा आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये एका लघुकर्ज बँकेच्या ग्राहकांचे गट पाडून त्यांना दोन तऱ्हांचं प्रशिक्षण दिलं गेलं. एकाला रीतसर हिशेबनिशी, दुसऱ्याला मोजके ढोबळ नियम. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हिशेबनिशी शिकलेल्यांच्या व्यवहारात लक्षात येईल असा फरक पडला नाही. नियम शिकलेल्यांनी ते पाळले, त्यांच्या नोंदी सुधारल्या, आणि वाईट आठवड्यातली त्यांची विक्री पूर्वीइतकी ढासळली नाही. त्या नियमांचा गाभा असा होता: घराचा पैसा एका खणात, धंद्याचा दुसऱ्या खणात, आणि एकातून दुसऱ्यात पैसा गेला तर चिठ्ठी.

दोन डबे

हा नियम ऐकायला सोपा आहे, पाळायला सगळ्यात अवघड. दहा बाय दहाच्या खोलीत, एकाच पर्समध्ये, दूधवाला, शाळेची फी आणि उद्याचं बेसन हे सगळं एकत्र राहतं. म्हणून 'पैसे वेगळे ठेवा' एवढं सांगून भागत नाही. रात्री गल्ला मोजताना कुठली रक्कम आधी बाजूला काढायची, तो क्रम शिकवावा लागतो.

वडापावच्या गाडीचं उदाहरण घेऊ. बटाटे, बेसन, पाव, तेल, गॅस मिळून रोजचं भांडवल १,२०० रुपये. विक्री २,००० रुपये. रात्री सगळ्यात आधी १,२०० धंद्याच्या डब्यात जातात, कारण ते उद्याचे आहेत. मग ५० रुपये कढई, शेगडी, गाडीच्या चाकासाठी. मग घराचा पगार, समजा ५०० रुपये, ठरलेला. उरलेले २५० हप्ता आणि शिल्लक म्हणून धंद्याच्याच डब्यात. आता पावसाचा दिवस घ्या, विक्री १,५०० वर आली. १,२०० आणि ५० काढल्यावर घराला २५० च मिळतात. त्या रात्री घरात चणचण भासेल, पण सकाळी गाडी पूर्ण मालानिशी लागेल. हाच क्रम उलटा केला, घराचे ५०० आधी काढले, तर उद्याच्या मालाला १,००० च राहतात. कमी माल, त्यामुळे कमी विक्री, परत घराचे ५०० आधी. असे चार-पाच दिवस लागोपाठ आले की भांडवल अर्ध्यावर येतं. 'धंदा बसला' म्हणून जे सांगितलं जातं, त्यात बरेचदा गिऱ्हाईक तुटलेलंच नसतं, भांडवल घरात जिरलेलं असतं.

घरासाठी धंद्याच्या डब्यातून पैसे घ्यावे लागणारच. मूल तापाने फणफणलंय तेव्हा नियम कुणी बघणार नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. तेव्हा डब्यात चिठ्ठी टाकायची: '३०० घेतले, डॉक्टर.' लिहिता येत नसेल तर शंभराला एक याप्रमाणे तीन शेंगदाणे किंवा तीन बटणं. आठवड्याच्या शेवटी चिठ्ठ्या मोजल्या की धंद्याने घराला किती उसने दिले ते दिसतं. घरात वापरलेल्या मालाचंही तसंच. किराणा दुकानातली अर्धा किलो साखर चहाला गेली, मुलांनी चार वडे खाल्ले, तर ते खरेदीच्या भावाने चिठ्ठीत.

गेल्या काही वर्षांत यात एक नवीन गुंता झाला आहे, तो क्यूआर कोडचा. निम्मी विक्री आता फोनवर येते आणि ती रात्री मोजलीच जात नाही. गाडीवर लावलेला कोड पुष्कळदा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याला जोडलेला असतो. त्याच खात्यातून दुचाकीचा हप्ता आपोआप कापला जातो आणि उद्याच्या मालाचे पैसे पहाटेच गायब होतात. यावर उपाय म्हणजे तिच्या नावाचं वेगळं बचत खातं काढायचं, कोड फक्त त्यालाच जोडायचा आणि त्या खात्यावर कुठलाही आपोआप कापला जाणारा हप्ता ठेवायचा नाही. रात्री गल्ल्याबरोबर खात्यात आजचे किती आले तेही बघायचं. रक्कम मोठ्याने सांगणाऱ्या पेटीला दरमहा भाडं असेल तर तेही खर्चात धरायचं. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी प्रत्येकीला 'तुझ्या कोडचे पैसे कुणाच्या खात्यात पडतात?' एवढं विचारलं तरी अर्धं दुखणं बाहेर येतं.

पोळीचा भाव

दुसरी गोष्ट, आपल्या वस्तूला आपल्याला किती पडतं ते. इथे उदाहरण पुस्तकातलं चालत नाही. प्रत्येकीने स्वतःचा माल, स्वतःचे भाव आणि स्वतःचं घड्याळ घेऊन बसायला हवं. खालचे भाव नमुन्याचे आहेत, ते आपापल्या दुकानाप्रमाणे बदलावेत.

रोज १०० मध्यम पोळ्यांची ऑर्डर आहे. किलोभर कणकेत साधारण ३० पोळ्या होतात, म्हणजे सव्वातीन-साडेतीन किलो पीठ. दळणासकट १४० रुपये. तेल पाव लिटर, ३८ रुपये. गॅस ३० रुपये. कागद, पिशव्या २५. मीठ आणि किरकोळ २. तवा, पोळपाट, शेगडीची झीज ५. बेरीज २४० रुपये. पोळी ५ रुपयांना जाते, म्हणजे ५०० आले. '२६० सुटले' इथेच बहुतेक जणी थांबतात.

आता घड्याळ. मळायला २० मिनिटं, लाटून भाजायला दोन तास, बांधायला आणि पोचवायला ४० मिनिटं. झाले तीन तास. तासाला ६० रुपये मजुरी धरली तर १८०. म्हणजे १०० पोळ्यांना ४२० रुपये पडले, पोळीला ४ रुपये २० पैसे. त्यात रोज तीन-चार पोळ्या करपतात, फाटतात किंवा घरात खाल्ल्या जातात. तेव्हा खरी विक्री ९६ ची, ४८० रुपये. स्वतःची मजुरी काढून धंद्याला उरले ६०.

'माझी मजुरी कशाला धरायची, मी तर घरचीच' हे वाक्य प्रत्येक वर्गात येतं. ती धरायची, कारण उद्या मेसवाला म्हणेल, 'रोजच्या १५० घेतो, ४ रुपयांनी द्या.' मजुरी धरली नसेल तर हा सौदा फायद्याचा वाटतो. धरली असेल तर दिसतं की प्रत्येक पोळीमागे २० पैसे पदरचे जाणार आणि कामाचे तास दीडपट होणार. मदतीला बाई ठेवायची वेळ आली तर तिला द्यायला पैसे कुठून येणार, तेही इथेच कळतं.

वाट्यांनी, चमच्यांनी मोजण्याची सवय मोडायची गरज नाही. वर्गात एकदा वजनकाटा आणावा. आपली 'एक वाटी बेसन' किती ग्रॅम, 'एक पळी तेल' किती मिली ते एकदाच मोजून घ्यावं, म्हणजे पुढे वाटीवरच हिशेब होतो. गॅसचं मात्र अंदाजपंचे चालत नाही. टाकी लावली ती तारीख तिच्यावर खडूने लिहायची, संपली ती तारीख लिहायची, आणि मधल्या दिवसांत किती पोळ्या झाल्या त्यावर भागायचं. घरगुती टाकी धंद्याला वापरायला परवानगी नाही. हिशेब धंद्याच्या १९ किलोच्या टाकीच्या दराने करावा, नाही तर परवाना काढायच्या वेळी सगळा हिशेब कोसळतो.

शिवणकामात मजुरी हाच मुख्य माल असतो, म्हणून तिथली चूक वेगळी. अस्तर, हूक, दोरा आपल्या पैशाने आणायचा, ब्लाऊज शिवून ठेवायचा, आणि गिऱ्हाईक दोन महिने न्यायलाच येत नाही. अशा दहा ब्लाऊजांत अख्खं भांडवल अडकतं. अस्तराचे पैसे माप घेतानाच घ्यायचे, हा एक नियम पुरतो. शिवाय वर्षाचं पाणी कधी चढतं-उतरतं ते कॅलेंडरवर मांडून बघावं. गणपती, नवरात्र, दिवाळी, लग्नसराई यांना काम मावत नाही, पितृपक्षात ओसरतं. अंडी-चिकनवाल्याला श्रावण जड जातो. आणि घराचा मोठा खर्च जूनमध्ये शाळेबरोबर येतो, जेव्हा बहुतेक धंदे पावसाने मंद असतात. दिवाळीच्या पैशातले जूनसाठी किती बाजूला ठेवायचे, हे ऑक्टोबरातच ठरवावं लागतं.

उधारी आणि रोजवाला

उधारी बंद करा असं सांगणारा प्रशिक्षक वस्तीत कधी दुकानात बसलेला नसतो. गल्लीतलं दुकान चालतंच उधारीवर. तिला मर्यादा मात्र घालता येते. एका घराला जास्तीत जास्त किती ते ठरवायचं, जुनी निम्मी आल्याशिवाय नवीन द्यायची नाही, आणि एकूण उधारी धंद्याच्या डब्यातल्या शिलकेच्या वर जाऊ द्यायची नाही. वही गिऱ्हाइकासमोर लिहायची आणि बेरीज त्यालाच वाचून दाखवायची. पगाराच्या तारखा विचारून ठेवल्या तर वसुलीला भांडावं लागत नाही.

रोजवाल्याच्या, म्हणजे रोज हप्ता वसूल करणाऱ्या सावकाराच्या, कर्जावर जास्त वेळ द्यायला हवा, कारण ते स्वस्त वाटतं. ५,००० चं कर्ज, हातात ४,५००, आणि रोज १०० रुपये याप्रमाणे ५० दिवस फेड. 'पाचशेच तर जास्त दिले' असं वाटतं. पण रक्कम रोज थोडी थोडी परत जात असते. पूर्ण ४,५०० आपल्याकडे पहिला एकच दिवस असतात. हे व्याज वर्षाला दीडशे टक्क्यांच्या आसपास पडतं. टक्केवारी कळली नाही तरी चालेल. फळ्यावर एवढं लिहावं: हेच रोजचे १०० स्वतःच्या डब्यात टाकले तर ४५ व्या दिवशी ४,५०० आपले. जी रोजवाल्याला ५० दिवस न चुकता देते, तिला बचतीची सवय आधीच लागलेली असते.

पहिल्यांदा भांडवल आणायचं कुठून, हा प्रश्न तरी उरतोच. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या, कर्जात रुतलेल्या खानावळवाल्या बायकांसाठी. १९९३ पासून मेधा पुरव-सामंत यांनी पुण्यातल्या वस्त्यांत अन्नपूर्णा परिवाराचं काम वाढवलं, त्यात छोट्या कर्जाबरोबर आजारपणाचं संरक्षणही जोडलं. ते जोडणं योग्यच आहे, कारण धंद्याचा डबा रिकामा करणारं सगळ्यात मोठं कारण दवाखाना असतं.

पथारीवाल्यांसाठी जून २०२० पासून पीएम स्वनिधी योजना आहे. २०२५ मधल्या बदलानंतर पहिलं कर्ज १५,००० पर्यंत, ते फेडल्यावर २५,०००, मग ५०,०००. वेळेवर हप्ते भरले तर व्याजात ७ टक्के अनुदान खात्यात जमा होतं. त्यासाठी महापालिकेचं विक्रेता प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. पहिल्या कर्जाचा महिन्याचा हप्ता साधारण १,३५० रुपयांच्या आसपास बसतो. तो 'महिन्याला' असा सांगू नये, 'रोज ४५' असा सांगावा आणि रात्रीच्या क्रमातच बसवावा. महिन्याच्या पाच तारखेला एकदम १,३५० काढायला लागले की ते भांडवलातूनच जातात. कागदपत्रांच्या बाबतीत एकच बजावून सांगायचं: उद्यम नोंदणीला, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीला, सरकार एक रुपयाही घेत नाही. त्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्याला नमस्कार करावा.

वर्ग कसा घ्यावा

पंधरा-वीस जणींचा गट, आठवड्यातून एकदा दोन तास, सहा आठवडे. सलग तीन दिवस घेतलं तर तीन दिवसांची कमाई बुडते आणि शिकलेलं लगेच करून बघता येत नाही. धुणीभांडी करणाऱ्यांना दुपारी दोन ते चार जमतं. भाजीवाल्यांना शनिवार बरा, त्या दिवशी यार्ड बंद असतं आणि पहाटे माल आणायचा नसतो. जागा वस्तीतच, चालत पाच मिनिटांवर. मुलांना सांभाळायला एक मुलगी ठेवली तर हजेरीत लगेच फरक पडतो.

प्रत्येकीने मैत्रिणीला बरोबर आणावं. अहमदाबादच्या 'सेवा' या बायकांच्या सहकारी बँकेत दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला काही जणींना एकटीला बोलावलं, काही जणींना मैत्रिणीसह. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मैत्रिणीसह आलेल्यांनी पुढे धंद्यासाठी जास्त कर्ज घेतलं आणि चार महिन्यांनी त्यांच्या घरचं उत्पन्नही जास्त दिसलं.

एक बैठक घरच्यांना बोलावून घ्यावी, निदान नवऱ्याला किंवा सासूला. भारत, श्रीलंका आणि घाना इथल्या आकडेवारीवरून २०१९ मध्ये दिसलं, की घरात नवऱ्याचाही धंदा असेल तर बायकोच्या नावाने आलेलं भांडवल पुष्कळदा तिकडे वळतं. जिथे तिचा एकटीचाच धंदा असतो, तिथे तिला पुरुषांइतकाच परतावा मिळतो. त्यामुळे 'बायकांना धंदा जमत नाही' हे म्हणणं टिकत नाही. दोन डब्यांचा नियम घरातल्या सगळ्यांनी ऐकला नसेल तर तो आठवडाभरही चालत नाही.

नोंदीसाठी जाड वही देऊ नका. रोज तीनच आकडे: मालाला किती गेले, विक्री किती झाली, घरी किती दिले. रात्री आठ-साडेआठला व्हॉट्सॲपवर बोलून पाठवले तरी पुरे. प्रशिक्षकाने ते उतरवून आठवड्याची बेरीज परत पाठवायची. पहिले दोन आठवडे आकडे गोल येतात, सगळे पाचशे आणि हजार. तिसऱ्या आठवड्यात ४८५ किंवा १,३२० असं काही येऊ लागलं की समजावं, आता मोजणं सुरू झालं.

वर्ग संपल्यावरचे चार महिने वर्गाइतकेच महत्त्वाचे आहेत. टोगोमध्ये १,५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेल्या अभ्यासात, पुढाकार घेणं, नवीन काही करून बघणं, अडचणीचा आधी विचार करणं यावर भर देणाऱ्या प्रशिक्षणाने दोन वर्षांत नफा सरासरी ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या पद्धतीच्या प्रशिक्षणाने ठामपणे सांगता येईल असा फरक पडला नाही. तिथे चार आठवड्यांच्या वर्गानंतर प्रशिक्षक दर महिन्याला धंद्याच्या जागी जात होते. आपल्याकडे निधी नेमका इथेच संपतो. अंदाजपत्रक करताना हॉल, जेवण आणि बॅनरचा खर्च कमी करून या भेटींसाठी पैसे राखून ठेवावेत.

भेटीत विचारायचं थोडंच. दोन डबे दाखवता का? कालचे तीन आकडे कोणते? गेल्या महिन्यात रोजवाल्याकडे किती वेळा गेलात? या तीन उत्तरांवरून शिकवलेलं टिकलं की नाही ते कळतं, हजेरीपट किंवा प्रमाणपत्रांच्या संख्येवरून कळत नाही.

कधी कधी नीट हिशेब मांडल्यावर धंदा परवडतच नाही असं निघतं. तीन तास राबून स्वतःला तासाला ३० रुपयेच सुटत असतील आणि जवळच्या सोसायटीतल्या स्वयंपाकाच्या कामाला त्याहून जास्त मिळत असेल, तर 'बंद करते' हा तिचा निर्णय योग्य आहे आणि प्रशिक्षकाने तो मनापासून मान्य करावा. बंद करायचीही रीत असते. आधी पंधरा दिवस नवीन उधारी थांबवायची आणि जुनी गोळा करायची. नवीन माल न भरता आहे तो संपवायचा. आलेल्या पैशातून आधी रोजवाला फेडायचा, कारण तो सगळ्यात महाग, मग बचत गटाचं, मग नातेवाइकांचं. गाडी, शेगडी किंवा शिवणयंत्र लगेच मिळेल त्या भावाला फुंकायचं नाही, आधी महिनाभर भाड्याने जातंय का ते बघायचं. आणि तीन आकड्यांच्या नोंदी जपून ठेवायच्या. कुठल्या महिन्यात कुठला माल किती गेला, ते पुढच्या धंद्याला त्यातच सापडतं.